यतीमाचा माल : अमेरिकेचा युद्धखर्च आणि इराकचा खजिना

बगदाद शहराची पायाभरणी अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याने इ.स. 762 मध्ये, म्हणजे हिजरी सन 145 मध्ये केली. हा खलिफा पैशाच्या बाबतीत इतका काटेकोर होता की लोकांनी त्याला ‘अबुद्दवानीक’ हे नाव ठेवले. दानिक म्हणजे दिरहमचा सहावा हिस्सा. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘दमडीचा बाप’! शहराच्या बांधकामावर नेमलेल्या सरदारांकडून त्याने शेवटच्या दिरहमपर्यंत हिशोब मागितला आणि अंगावर निघालेल्या किरकोळ बाकीसाठीही माणसाला कैदेत टाकले, अशी रिवायत इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. लोकांनी त्याला कंजूष म्हटले. मात्र तो वारला तेव्हा खजिना भरलेला होता.

त्याच बगदादमध्ये साडेबाराशे वर्षांनी पैसा कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे एक केंद्र न्यू जर्सी राज्यात ईस्ट रदरफर्ड येथे आहे. तेथून मे 2003 ते जून 2004 या काळात सुमारे 12 अब्ज डॉलरच्या रोख नोटा लष्करी मालवाहू विमानांनी बगदादला नेण्यात आल्या. नोटांची संख्या 28 कोटी 10 लाख आणि वजन 363 टन! नोटांच्या गड्ड्या फळ्यांवर रचून, वर प्लास्टिक गुंडाळून, सिमेंटच्या गोण्या न्याव्यात तशा त्या नेल्या गेल्या. 22 जून 2004 या एकाच दिवशी 2.4 अब्ज डॉलर रवाना झाले. फेडरल रिझर्व्हच्या इतिहासात एका वेळी एवढी रोकड कधीही बाहेर पडली नव्हती. तीन दिवसांनी आणखी 1.6 अब्ज गेले. आणि 28 जून रोजी, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच, अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सत्ता इराकी हंगामी सरकारच्या हाती सोपवून बगदाद सोडले. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, एका समितीने हेन्री वॅक्समन यांच्या अध्यक्षतेखाली 6 फेब्रुवारी 2007 रोजी या प्रकरणाची सुनावणी घेतली, तेव्हा हे आकडे जगासमोर आले.

इराक युद्धाविषयी आपल्याकडे उर्दूत आणि मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे. नसलेली संहारक अस्त्रे, अबू गरेब, फलुजा हे सारे आपल्याला ठाऊक आहे. पैशाची बाजू मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. ‘अमेरिकेने इराकवर इतके अब्ज खर्च केले’ एवढेच आपण ऐकतो. हे खर्च झालेले पैसे होते कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

विमानांतून उतरलेले ते 12 अब्ज डॉलर अमेरिकेचे नव्हते. ते इराकचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 22 मे 2003 रोजी ठराव क्रमांक 1483 मंजूर केला. त्यान्वये ‘इराक विकास निधी’ स्थापन झाला. इराकी तेलाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेपैकी 95 टक्के रक्कम या निधीत जमा व्हायची होती. उरलेले 5 टक्के कुवेतवरील आक्रमणाच्या नुकसानभरपाईसाठी राखून ठेवले होते. परदेशी बँकांत गोठवलेली इराकची मालमत्ता आणि ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतील शिल्लकही याच निधीत आली. शेवटची बाब विसरता येण्याजोगी नाही. 1990 पासून इराकवर आर्थिक निर्बंध होते. औषधे नाहीत, नळाचे पाणी शुद्ध करायला क्लोरीन पुरेसे नाही, अशा काळात इराकी जनतेच्या तोंडचा घास आखडून ही शिल्लक साठलेली होती. निधी खर्च करण्याचा अधिकार ब्रेमर यांच्या ‘हंगामी युती प्राधिकरणा’ला मिळाला. अट एवढीच की तो इराकी जनतेच्या हितासाठी आणि पारदर्शक रीतीने खर्च व्हावा.

‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेचे नाव आपल्या वाचकांना आठवत असेल. या योजनेतील भ्रष्टाचाराची चौकशी करणारा व्होल्कर समितीचा अहवाल ऑक्टोबर 2005 मध्ये आला आणि त्यात नाव आल्यामुळे आपले परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांना आरोप नाकारूनही पद गमवावे लागले. म्हणजे इराकचा पैसा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या गैरव्यवहाराची झळ दिल्लीपर्यंत पोहोचली. तोच पैसा पुढे ब्रेमर यांच्या ताब्यात आल्यावर जे झाले, त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कोणत्याही मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली नाही.

आपल्या शरिअतमध्ये अशा पैशासाठी एक नेमका शब्द आहे. यतीमाचा माल. पोरक्या मुलाची मालमत्ता ज्या वलीच्या हाती येते, तो तिचा मालक नसतो, अमानतदार असतो. मूल शहाणे झाले की माल त्याच्या स्वाधीन करायचा आणि तो साक्षीदारांसमोर करायचा, असा सूरह निसामध्ये हुकूम आहे. साक्षीदार कशासाठी? वली प्रामाणिक असेल तर त्याच्यावरचा संशय टळावा आणि नसेल तर तो पकडला जावा, म्हणून. 1483 क्रमांकाच्या ठरावातही साक्षीदाराची तरतूद होती. एक आंतरराष्ट्रीय सल्लागार व देखरेख मंडळ नेमायचे आणि त्याच्या मान्यतेने स्वतंत्र लेखापरीक्षकांनी निधी तपासायचा, असे ठरले होते. निधी मे महिन्यात सुरू झाला. या मंडळाची पहिली बैठक व्हायला डिसेंबर उजाडला.

अमेरिका हा मुळात बेहिशोबी देश आहे असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. उलट युद्धकाळात सरकारी पैशावर डल्ला मारणाऱ्यांना वेसण घालण्याचे जितके प्रयोग त्या देशाने केले, तितके फार थोड्या देशांनी केले असतील. म्हणूनच इराकमध्ये जे घडले ते अधिक खटकते.

1861 मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या सरकारला अचानक लाखो सैनिकांसाठी कपडे, बूट, बंदुका, घोडे हवे झाले आणि व्यापाऱ्यांची दिवाळी सुरू झाली. जुन्या चिंध्या पिंजून, त्या दाबून केलेल्या कापडाचे गणवेश सैनिकांना मिळाले. पहिल्या पावसात ते अंगावरच विरघळू लागले. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत आणि पुढे इंग्रजीत हलक्या प्रतीच्या कोणत्याही मालाला हाच शब्द रूढ झाला. बंदुकांची एक गोष्ट तर प्रसिद्धच आहे. लष्कराने स्वतःच्या कोठारातील 5000 जुन्या बंदुका साडेतीन डॉलर दराने मोडीत काढल्या. त्या एकाने दुसऱ्याला साडेबारा डॉलरने विकल्या आणि दुसऱ्याने त्याच लष्कराच्या एका सेनापतीला 22 डॉलरने! या व्यवहाराला कर्ज देणारा तरुण सावकार पुढे जगातला सर्वांत मोठा बँकर झाला. त्याचे नाव जे. पी. मॉर्गन. मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही आपली म्हण अशाच लोकांसाठी आहे.

मात्र युद्ध चालू असतानाच काँग्रेसने कंत्राटांची चौकशी केली. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांना जानेवारी 1862 मध्ये पद सोडावे लागले. आणि 2 मार्च 1863 रोजी ‘खोटे दावे कायदा’ आला. लोक त्याला ‘लिंकनचा कायदा’ म्हणतात. त्यात एक मोठी चतुर तरतूद होती. सरकारला फसवणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध कोणीही सामान्य माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि जी वसुली होईल तिचा अर्धा हिस्सा त्याला मिळतो. चोराच्या कारकुनालाच चोर पकडून देण्यात फायदा वाटावा, असा हा हिशोब होता. हिश्श्याचे प्रमाण पुढे बदलले, पण कायदा आजही जिवंत आहे. त्याची कसोटी इराकमध्ये लागली, ते पुढे येईलच.

दुसरा प्रयोग दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, पण लष्करी छावण्यांचे आणि कारखान्यांचे बांधकाम धडाक्यात सुरू होते. मिझुरी राज्याचे एक फारसे परिचित नसलेले सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्याकडे तक्रारी येऊ लागल्या. हे गृहस्थ स्वतःच्या मोटारीत बसले आणि छावण्या पाहत फिरले. बांधकामाचे सामान पावसात कुजते आहे, मजूर हातावर हात ठेवून बसले आहेत आणि कंत्राटदाराला त्याचे काही सोयरसुतक नाही, असे त्यांना दिसले. त्याला सोयरसुतक का नव्हते? तर कंत्राटाची पद्धतच ‘खर्च अधिक नफा’ अशी होती. जो खर्च होईल तो सरकार देणार आणि वर नफाही देणार. अशा व्यवस्थेत काटकसर करणारा वेडाच म्हणायचा. 10 फेब्रुवारी 1941 रोजी ट्रूमन यांनी सिनेटमध्ये भाषण केले आणि 1 मार्चला त्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. खर्चासाठी मिळाले 15,000 डॉलर. अब्जावधींच्या खर्चावर नजर ठेवायला पंधरा हजार! समिती लवकरच गुंडाळेल अशीच बहुतेकांची अपेक्षा होती.

समिती गुंडाळली नाही. ट्रूमन यांनी ह्यू फुल्टन हा कसलेला वकील हाताशी घेतला आणि पन्नासच्या आसपास अहवाल काढले. एका बड्या पोलाद कंपनीत जहाजांसाठीच्या पोलादी पत्र्यांच्या चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात होते; तसेच एका बड्या विमान कंपनीच्या ओहायोमधील कारखान्यात सदोष इंजिने तपासणीत पास केली जात होती. ही दोन्ही प्रकरणे 1943 साली, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, समितीने चव्हाट्यावर आणली. ‘युद्धाच्या वेळी असे प्रश्न विचारू नयेत, सैन्याचे मनोधैर्य खचते’ हा युक्तिवाद तेव्हाही होत होता. ट्रूमन यांचे म्हणणे साधे होते. सदोष इंजिनाने मरणारा आपलाच मुलगा आहे. आणि विशेष म्हणजे ट्रूमन हे सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या सरकारची चौकशी ते करीत होते. या समितीने 10 ते 15 अब्ज डॉलर वाचवले, असा अंदाज सांगितला जातो.

तथापि या उजळ कहाणीलाही एक काळी कड आहे. टेनेसी आणि वॉशिंग्टन राज्यांत काही अवाढव्य कारखाने उभे राहत होते. तेथे काय बनते हे कोणालाच सांगता येत नव्हते. समितीने चौकशी सुरू करताच जून 1943 मध्ये युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ट्रूमन यांना कळवले की, या कामात कृपया हात घालू नका. ट्रूमन यांनी ते मान्य केले. तो प्रकल्प अणुबाँबचा होता आणि त्यावर सुमारे 2 अब्ज डॉलर खर्च झाले. ज्या एका खर्चाबद्दल ट्रूमन यांनी प्रश्न विचारला नाही, त्याचे उत्तर त्यांना एप्रिल 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मिळाले आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकीला मिळाले. बाकी युद्धाचा हिशोब बारीक नजरेने पाहणाऱ्या माणसानेही एका दारापाशी नजर खाली घातली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.

आता पुन्हा बगदादकडे येऊ. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने सुमारे 87 अब्ज डॉलरची जादा तरतूद मंजूर केली. त्यात इराकच्या पुनर्बांधणीसाठी 18.4 अब्ज होते. हा अमेरिकी करदात्याचा पैसा असल्याने साहजिकच त्यासोबत अटी आल्या, निविदांचे नियम आले आणि एक खास महानिरीक्षकही आला. परिणाम काय झाला? 22 जून 2004 पर्यंत या 18.4 अब्जांपैकी अवघे 36 कोटी 60 लाख डॉलर खर्च झाले होते. शंभरातले दोन म्हणा. त्याच अवधीत इराकच्या निधीतून मात्र अब्जावधी डॉलर वाटले गेले. स्वतःच्या पैशाची गाठ घट्ट आणि दुसऱ्याच्या पैशाची थैली उघडी! मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. उर्दूतली म्हण अधिक तिखट आहे : माल-ए-मुफ्त, दिल-ए-बेरहम.

महानिरीक्षक म्हणून जानेवारी 2004 मध्ये स्टुअर्ट बोवेन नावाचे टेक्सासचे वकील नेमले गेले. ते राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या जुन्या वर्तुळातले. त्यामुळे ते डोळे मिटून घेतील, अशी अनेकांची समजूत होती. 30 जानेवारी 2005 रोजी त्यांनी अहवाल दिला की, इराकी मंत्रालयांकडे सोपवलेल्या 8.8 अब्ज डॉलरच्या विनियोगावर प्राधिकरणाने पुरेसे नियंत्रणच ठेवले नाही. एका मंत्रालयाच्या पगारपत्रकावर 8,206 पहारेकरी होते. प्रत्यक्ष खातरजमा करता आली ती 602 जणांची. आमच्यासारख्या शिक्षकांना शाळेतल्या खिचडीच्या तांदळाचीही रोज वहीत नोंद करावी लागते, आणि इथे साडेसात हजार माणसांचा पगार हवेत गेला तरी कोणाला विचारावे हे माहीत नव्हते. निधीच्या तपासणीसाठी प्रमाणित लेखापरीक्षक संस्था नेमावी, असा प्राधिकरणाचा स्वतःचाच नियम होता. काम देण्यात आले एका छोट्या सल्लागार कंपनीला. आणि अंतर्गत नियंत्रणाची जी तपासणी तिच्या कंत्राटात होती, ती झालीच नाही. आंधळे दळत होते आणि कुत्रे पीठ खात होते.

ब्रेमर यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लिखाण एकांगी होईल. त्यांचे म्हणणे असे की, बँका बंद होत्या, टेलिफोन नव्हते, युद्धाने देश मोडला होता. सरकारी नोकरांचे पगार आणि पेन्शन तातडीने देणे भाग होते. पाश्चात्त्य पद्धतीचे हिशोब तेथे मागणे अव्यवहार्य होते. यात तथ्य नाही असे नाही. हिशोब नसणे म्हणजे चोरी झालीच असेही नाही. बोवेन यांनी स्वतः 2011 मध्ये सांगितले की, ज्या 6.6 अब्ज डॉलरचा माग लागत नव्हता, त्यांपैकी जवळपास सर्व रक्कम इराकच्या मध्यवर्ती बँकेकडे पोहोचल्याची कागदपत्रे मिळाली. म्हणजे अमेरिकेच्या हातून पैसा निसटला नाही, तर इराकी हातांत गेला. पुढे त्याचे काय झाले, तो वेगळा आणि तितकाच दुःखद अध्याय आहे. परंतु अमानतदार कोण होता, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि वृत्ती तर एका उत्तरात उघडी पडली. प्राधिकरणाचे अर्थसंकल्प-प्रमुख डेव्हिड ऑलिव्हर यांना बी.बी.सी.च्या मुलाखतकाराने विचारले की, इराकींच्या अब्जावधी डॉलरचे काय झाले? ते पैसे इराकींचे होते हे त्यांनी मान्य केले, मात्र त्याने काय फरक पडतो, अशा आशयाचे उत्तर दिले.

काय फरक पडतो ते पाहायचे तर हिल्ला शहरात जावे. प्राचीन बाबिलच्या शेजारचे आणि करबलाहून फार दूर नसलेले हे शहर. तेथील प्राधिकरणाच्या कचेरीत रोखपालाच्या जागी रॉबर्ट स्टाइन नावाचा इसम नेमला गेला. त्याच्या ताब्यात 8 कोटी 20 लाख डॉलर होते. हा इसम पूर्वी अमेरिकेत फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला होता! नेमणूक करताना कोणी कागद उलटून पाहिले नाहीत. फिलिप ब्लूम या कंत्राटदाराशी त्याने संगनमत केले. रोकड, मोटारी, दागिने यांच्या बदल्यात कंत्राटे दिली. फेब्रुवारी 2006 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि 2007 मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. ब्लूमलाही कैद झाली. पण या प्रदेशातील कामांच्या लेखापरीक्षणात ज्या बाबी निघाल्या, त्या शिक्षेच्या आकड्यांपेक्षा बोलक्या आहेत. हिल्लाच्या एका जलतरण तलावाच्या दुरुस्तीसाठी 1,08,140 डॉलरचे काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला गेला. पंप बदलायचे होते, ते फक्त घासूनपुसून चकचकीत केले होते. सुरू करताच गढूळ तपकिरी पाणी आले. तलाव बंदच राहिला. हिल्लाच्या रुग्णालयातील लिफ्टच्या दुरुस्तीचेही तसेच झाले. लिफ्ट सुरक्षित असल्याचा दाखला दिला गेला, ती कोसळली आणि तीन इराकी माणसे ठार झाली. रुग्णालयात बरे व्हायला किंवा आजाऱ्याला भेटायला आलेली तीन माणसे. यादवी युद्धात सैनिकाच्या अंगावर विरघळलेल्या गणवेशाची आणि या लिफ्टची जात एकच.

दुसरे प्रकरण पेट्रोलचे. इराकची भूमी तेलावर तरंगते, पण युद्धानंतर शुद्धीकरण कारखाने बंद पडल्याने बगदादमध्ये पेट्रोलच्या मैलमैल रांगा लागल्या आणि कुवेतहून पेट्रोल आणावे लागले. हे काम हॅलिबर्टन कंपनीच्या के.बी.आर. या शाखेकडे होते. युद्धापूर्वीच, मार्च 2003 मध्ये, तिला इराकी तेल उद्योगाच्या डागडुजीचे कंत्राट निविदा न काढता दिले गेले होते. त्याची कमाल मर्यादा 7 अब्ज डॉलर होती. त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी 1995 ते 2000 या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख होते, ही गोष्ट आता जगजाहीर आहे. डिसेंबर 2003 मध्ये पेंटॅगॉनच्याच लेखापरीक्षकांनी सांगितले की, पेट्रोलच्या दरात सुमारे 6 कोटी 10 लाख डॉलर जादा लावले असावेत. पुढे आक्षेपार्ह रकमेचा आकडा 26 कोटी 30 लाखांवर गेला. यातील मोठा हिस्सा इराकच्या निधीतून दिलेला होता. साहजिकच त्या आंतरराष्ट्रीय देखरेख मंडळाने लेखापरीक्षणाचे अहवाल मागितले. अहवाल पाठवले गेले, पण जेथे जेथे जादा आकारणीचा उल्लेख होता, तेथे तेथे काळी शाई फासून! साक्षीदाराला बोलावले आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. नोव्हेंबर 2005 मध्ये मंडळाने शिफारस केली की, अमेरिकेने 20 कोटी 80 लाख डॉलरपर्यंतची रक्कम इराकला परत करावी. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2006 मध्ये, अमेरिकी लष्कराने निर्णय घेतला की, लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतलेल्या 26 कोटी 30 लाखांपैकी जेमतेम 1 कोटी सोडून बाकी सर्व रक्कम कंपनीला द्यावी.

याच कंत्राटावर लष्कराच्या अभियांत्रिकी विभागातील सर्वोच्च कंत्राट अधिकारी बनॅटिन ग्रीनहाऊस या महिलेने आक्षेप घेतला होता. लुइझियानामधल्या कृष्णवर्णीय कुटुंबातून ती आली होती. कंत्राटाची मुदत एका वर्षापुढे नेली तर स्पर्धा टाळली असे दिसेल, असा शेरा तिने कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला. 27 जून 2005 रोजी तिने सिनेटच्या डेमोक्रॅट सदस्यांपुढे साक्ष दिली. दोन महिन्यांत तिला पदावरून खाली उतरवण्यात आले. 2011 मध्ये सरकारने तिला 9 लाख 70 हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. अमेरिकेविषयी आपल्या सभांमधून सरसकट जे बोलले जाते, ते मला या बाईंमुळे आणि बोवेन यांच्यामुळे पटत नाही. इराकींच्या पैशासाठी स्वतःची नोकरी पणाला लावणारी माणसेही त्याच व्यवस्थेत होती.

आणि आता लिंकनचा कायदा. बगदाद विमानतळाच्या सुरक्षेचे आणि जुने दिनार बदलून नवे देण्याच्या कामातील कंत्राट ‘कस्टर बॅटल्स’ या कंपनीला मिळाले होते. कंपनीच्या जवळच्याच दोघांनी 1863 च्या कायद्यानुसार दावा लावला. आरोपांत एक असा होता की, विमानतळावर बेवारस पडलेल्या इराकी विमान कंपनीच्या मालवाहू गाड्यांना नवा रंग फासून त्याच प्राधिकरणाला भाड्याने दिल्या गेल्या! 1861 च्या बंदुकांचीच ही नवी आवृत्ती. मार्च 2006 मध्ये व्हर्जिनियातील ज्युरीने कंपनीला दोषी धरून 1 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा निकाल दिला. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फिरवला. कारण? हंगामी प्राधिकरण म्हणजे अमेरिकी सरकार हे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे अमेरिकी सरकारची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. याआधीच त्यांनी इराकी निधीतून दिलेली रक्कम दाव्याबाहेर काढली होती. 2009 मध्ये वरच्या न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे चुकीचे ठरवले, हे नमूद करणे न्याय्य होईल. पण तोवर तीन वर्षे गेली होती. दुसरीकडे इराकी न्यायालयांचे दार ब्रेमर यांनी आधीच बंद केले होते. आदेश क्रमांक 17 नुसार परदेशी कंत्राटदारांना त्यांच्या कंत्राटी कामांबाबत इराकी कायद्यापासून संरक्षण होते आणि सत्तांतराच्या आदल्या दिवशी, 27 जून 2004 रोजी, हा आदेश सुधारून कायम करण्यात आला. इराकी माणसाने दाद मागायची तर कोठे? आपल्या देशात परवानगी नाही आणि अमेरिकेत म्हणतात, पैसा आमचा नव्हता.

अमेरिकी जनता या काळात गप्प का होती, याचेही उत्तर पैशातच सापडते. दुसऱ्या महायुद्धात तिच्याकडून युद्धाची किंमत रोखीने घेतली जात होती. 1944 मध्ये आयकराचा वरचा दर 94 टक्के होता, साखर-मांस रेशनवर होते, शाळकरी मुले युद्धरोख्यांची तिकिटे विकत घेत होती. ज्याच्या खिशातून जाते तो विचारतो. ट्रूमन यांना लोकांचा पाठिंबा मिळाला तो त्यामुळे. 2003 मध्ये उलट झाले. इराकवर हल्ला झाला मार्चमध्ये आणि मे महिन्यात बुश यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. युद्ध कर्जावर चालले. त्याचा खर्च नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेर ‘जादा तरतूद’ म्हणून वर्षानुवर्षे मंजूर होत गेला. 100 ते 200 अब्ज डॉलर लागतील, असे 2002 मध्ये बोलून दाखवणारे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे त्याच वर्षाअखेर घरी गेले. त्यांचा आकडा फार मोठा वाटला होता. प्रत्यक्षात तो फार लहान ठरला. फेब्रुवारी 2007 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या आवारातील जखमी सैनिकांच्या निवासाची अवस्था छापली. भिंतींना बुरशी, उंदीर, झुरळे. तेव्हा मात्र गदारोळ झाला आणि लष्करी खात्याच्या सचिवांना राजीनामा द्यावा लागला. हिल्लाच्या लिफ्टसाठी कोणाचा राजीनामा आला नाही.

बोवेन यांचे दफ्तर बंद करण्याचाही प्रयत्न झाला. ऑक्टोबर 2006 मध्ये सही झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात एक लहानसे कलम सापडले. त्यानुसार हे दफ्तर 1 ऑक्टोबर 2007 रोजी गुंडाळले जाणार होते. दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी आवाज उठवला आणि डिसेंबरमध्ये ते कलम फिरवले गेले. दफ्तर 2013 पर्यंत चालले. इराकच्या पुनर्बांधणीवर अमेरिकेने खर्च केलेल्या सुमारे 60 अब्ज डॉलरपैकी किमान 8 अब्ज वाया गेले, असे त्याच्या शेवटच्या मोठ्या अहवालात म्हटले आहे. हा हिशोब अर्थातच अमेरिकी पैशाचा होता.

ट्रूमन यांच्याच मिझुरी राज्याच्या सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल आणि व्हर्जिनियाचे जिम वेब यांनी ट्रूमन यांचे नाव घेऊन युद्ध-कंत्राटांच्या चौकशीसाठी आयोगाची मागणी केली. 2008 मध्ये तो स्थापन झाला. ऑगस्ट 2011 च्या अंतिम अहवालात आयोगाने सांगितले की, इराक आणि अफगाणिस्तानातील कंत्राटांत 31 ते 60 अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि फसवणुकीत गेले. अहवाल छापला गेला, आयोग विसर्जित झाला. त्याने ज्या साक्षी नोंदवल्या, जी अंतर्गत कागदपत्रे जमवली, ती वीस वर्षांसाठी मोहोरबंद करून राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवण्यात आली आहेत. ती 2031 मध्ये उघडतील.